गडचिरोली लाईन

"बांगडी काढ," बाबा आईला म्हणाले.

आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली. "काऊन? मेले का तुमी?"

"नवीन सेक्शन टाकून राह्यलो. त्याले गोळा लागते."

"आग लागो तुमच्या सेक्शनले," आई म्हणाली. पण हातातली हिरवी प्लास्टिकची बांगडी काढून तिने त्यांच्याकडे फेकली. बाबांनी ती वरच्या वर झेलली. चालत्या इंजिनातून आलेलं टोकन झेलायची जन्मभराची सवय, दुसरं काय!

मी दारात उभी होते. नुकतीच ड्युटी संपवून आलेली, अंगावर खाकी, दिवसभर एसटीत "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून घसा पार बसलेला. म्हणून बाबा वाचले. नाहीतर शेजारच्या रुखमाबाईला भिंतीला कान लावायचीसुद्धा गरज पडली नसती.

आदल्या दिवशीच जांभळीहून फोन आला होता. जांभळी म्हणजे आईचं माहेर, गडचिरोलीच्याही पुढे, चामोर्शीच्या वाटेवर. तिथे आईचा थोरला भाऊ, आमचा पत्रूमामा, अंथरुणाला खिळला होता. त्याचा मुलगा रोशन फोनवर म्हणाला, "आत्या, डॉक्टरनं घरी घेऊन जा म्हणून सांगतलं. बाबा आता काई मागत नाई. फक्त जवाईबापूले एकदा पाहू द्या, म्हंते."

जवाईबापू म्हणजे आमचे बाबा. आईने फोन ठेवला, त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "चलता का?"

बाबा उठले आणि टेबलाकडे गेले. हो नाही, ना नाही. आणि आज हे, बांगडी काढ!

आता या टेबलाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर आमचं घर कोणाला कळायचं नाही. बाबा नागभीड स्टेशनवर पॉइंट्समन होते. येणारी गाडी ज्या रुळावर घ्यायची तिकडे सांधा वळवायचा, झेंडी दाखवायची, ड्रायव्हरला टोकन द्यायचं, ही त्यांची नोकरी. नागभीडला दोन लाईनी. एक मोठी, गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी. दुसरी नागपूरहून येणारी छोटी लाईन, जिच्या गाडीला सायकलवाला हात दाखवून पुढे निघून जाई. बाबांचा जीव त्या छोटीवर. माणसं रिटायर झाली की शेती बघतात, नाहीतर चौकात बसून राजकारण करतात. आमच्या बाबांनी बैठकीत या भिंतीपासून त्या खिडकीपर्यंत प्लायवूडचं टेबल ठोकलं आणि त्यावर आख्खी रेल्वे मांडली. तारेचे रूळ, बांबूच्या कमच्यांचे स्लीपर, डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचे डबे. इंजिन जत्रेतलं, सेलवर चालणारं, पण त्यालाही नवं अंग करून दिलेलं. भिंतीकडून मोठी लाईन, नागभीड ते ब्रह्मपुरी ते वडसा. आणि पुढच्या अर्ध्या भागात छोट्या लाईनीचं यार्ड, तिच्या सांध्यांसकट.

पाहुणे यायचे तर बसायला जागा नाही. आई म्हणायची, "मी दोन संसार करून राह्यली बाप्पा. एकाची धूळ पुसते अन् दुसऱ्याची भाकर थापते."

टेबलाचा नियम एकच. जे आहे तेच तिथे असेल, जे नाही ते नसेल. मी एकदा म्हटलं, "बाबा, एक बोगदा करा ना, किती छान दिसेल." बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी चोरी करायला सांगितलं होतं. "आपल्या लाईनवर बोगदा आहे का? मंग?" संपलं. मोठी करायची म्हणून सरकारने छोटी लाईन बंद केली, त्याच दिवशी त्यांनी टेबलावरची छोटी गाडी उभी केली आणि तिच्यापुढे लाल चिंधी लावली. पुढे खऱ्या स्टेशनातले छोटे रूळ उखडून ट्रकात घालून नेले. टेबलावरचे काढायला मात्र बाबांचा हात धजला नाही. नियमाला तेवढी एकच सूट होती.

आणि टोकन. एकेरी लाईनीवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून पूर्वी वेताच्या कड्यात लोखंडी गोळा अडकवून ड्रायव्हरला देत. गोळा हातात आल्याशिवाय गाडी हलणार नाही. पुढच्या स्टेशनावर पोचलं की तो तिथल्या मास्तरच्या हवाली करायचा. परत निघायचं तर मास्तरनेच तो पुन्हा हातात दिला पाहिजे. नाही दिला, तर बसा तिथेच. आमच्या टेबलावर कड्याच्या जागी आईच्या बांगड्या असत. प्रत्येक सेक्शनची एक, खिळ्याला टांगलेली. आई झाडू मारताना मध्येच थांबून वडश्याच्या खिळ्यावरची बांगडी बाबांच्या हातात देई आणि म्हणे, "घ्या, सोडा तुमची गाडी, मले टेबलाखाली झाडाचं आहे."

हे सगळं ठीक होतं. पण रेल्वेच्या या माणसाला एसटीचं वावडं होतं, आणि ते साधंसुधं नव्हे. बाबांना बस लागते. डिझेलचा वास आला की तोंड पांढरं पडतं, आणि दोन वळणं झाली की संपलंच. लग्नाचं वऱ्हाड नागभीडहून ट्रकने जांभळीला निघालं, तेव्हा नवरदेव वाटभर ओकत गेला. मांडवाच्या दारात सासरे सामोरे आले, तर त्यांच्या पायांवरच! नवा कोरा सदरा खराब झाला. तेव्हा पत्रूमामाने सगळ्यांसमोर स्वतःच्या अंगातला सदरा काढून नवरदेवाला घातला, आणि स्वतः बंडीवर हिंडत बहिणीचं लग्न लावलं. आमच्या घरी लग्नाचा जो फोटो आहे, त्यात बाबांच्या खांद्यावरून सदरा उतरून राहिलेला दिसतो, कारण मामा अंगाने दुप्पट.

जांभळीच्या बायकांना तेवढं पुरे होतं. ओकणारा जवाई म्हणून गाणं झालं. बाबांनी ते मनाला लावून घेतलं आणि पुन्हा कधी त्या गावात पाऊल टाकलं नाही. आजी वारली तेव्हा बसमध्ये बसले होते, पण आरमोरीला उतरून परत आले. रेल्वेच्या पासवर आईला त्यांनी कलकत्ता दाखवलं, दिल्ली दाखवली, आणि दरवर्षी दीक्षाभूमीला तर नेलंच. पण माहेरी आई जन्मभर एकटी गेली, लाल डब्यातून, मांडीवर पिशवी घेऊन. कोणी विचारलं की बाबांचं उत्तर तयार असे. "वडसा–गडचिरोली रेल्वे होऊ दे. पयल्या गाडीनं येतो."

मामाने हे ऐकून घेतलं, एकदासुद्धा टोमणा मारला नाही. पाय चालत होते तोवर तोच दरवर्षी यायचा, नव्या धानाचा तांदूळ घेऊन. आल्या आल्या टेबलापाशी उकिडवा बसायचा. "आमची गाडी केव्हा लावता जवाईबापू?"

"सरकारनं लावली की त्याच दिवशी," बाबा म्हणायचे.

"लवकर लावा म्हणा सरकारले. आमचे दात पडून राह्यले."

आणि आता त्या मामाने निरोप धाडला होता, आणि आमचे बाबा पक्कड घेऊन टेबलावर वाकले होते. मी चहा प्यायला आत गेले, बाहेर आले, तर बघते काय! छोट्या लाईनीपुढची लाल चिंधी काढलेली. यार्डाचे रूळ एकेक करून उखडायला लागलेले.

माझा घसा तिथेच मोकळा झाला. "बाबा, हे काय चाललंय?"

"गडचिरोली लाईन टाकून राह्यलो."

"गडचिरोलीला अजून लाईन कुठे आहे? मी रोज त्या रस्त्याने जाते. कुठे मुरुम पडलाय, कुठे पुलाचे खांब उभे आहेत. रूळ दिसला नाही मला."

"होईल नं."

"आणि तुमचा नियम?"

एक स्लीपर निघता निघेना, तो बाबांनी पक्कडीने नाही, नखाने हळूहळू सोडवला. माझा राग तरी उतरला नाही. तिकडे माणूस वाट बघतोय आणि हे खेळत बसलेत, असं मी तोंडावर बोलले. आई आतून ओरडली, "राहू दे वं रंजीता. त्याईले बोलून काई फायदा नाई. मी जातो एकटी. गेलीच आहो आजवर."

पण ती गेली नाही. सकाळी पिशवी भरायची आणि दुपारी पुन्हा रिकामी करायची. रोशनला फोन करून विचारायची, "दादा जेवला का?" मग बैठकीच्या दारात येऊन टेबलाकडे बघत उभी राहायची. मला ते बघवत नव्हतं. तिला भावाला भेटायचं होतं, पण नवऱ्याला सोबत घेऊन. एकटी गेली असती तर मामाने तिच्या मागे दाराकडे पाहिलं असतं, आणि ती नजर तिला या खेपेला सोसली नसती.

बाबांचं काम मी ड्युटीच्या आधी आणि ड्युटीनंतर बघत होते. राग होता, तरी बघत होते. छोट्या लाईनीचा सांधा मोठ्या लाईनीला चालत नाही. दोन रुळांमधलं अंतरच वेगळं. मग त्यांनी तो सांधा उकलला, बांबूच्या नव्या, लांब कमच्या तासल्या, आणि त्यावर तेच रूळ रुंद करून बसवले. सरकारने खऱ्या लाईनीचं जे केलं, तेच. तो सांधा वडश्याला लागला. तिथून लाईन वळवून टेबलाच्या पुढच्या कडेने आणली, जिथे आधी छोट्या गाड्या उभ्या राहत. मध्ये आरमोरी. शेवटी कोपऱ्यात, टेबल संपतं तिथे, गडचिरोली. काडेपेटीच्या खोक्यांचं स्टेशन, पिवळी पाटी, काळी अक्षरं. छोटं इंजिन पुसून त्यांनी फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात माझ्या शाळेच्या प्रमाणपत्रांवर ठेवलं. त्या वेळी त्यांचा चेहरा बघून मी बोलायचं बंद केलं.

लाईन पुरी झाली त्या दिवशी माझी सुट्टी होती. बाबांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि आईला हाक मारली. "धुरपता, इकडे ये."

आई पदराला हात पुसत आली. बाबांनी वडश्याच्या खिळ्यावरची हिरवी बांगडी तिच्या हातात ठेवली. "तू दे मले. पयली गाडी आहे."

आईने बांगडी त्यांना परत दिली. बाबांनी बटण दाबलं. गाडी वडश्याहून निघाली, नव्या सांध्यावर जराशी अडखळली, वळली, आरमोरी घेतली आणि कडेकडेने येऊन गडचिरोलीला थांबली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. बाबा आईच्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वर्षांचं कबूल केलेलं त्यांनी करून दाखवलं होतं.

आई वाकून बघत होती. पिवळ्या पाटीवर तिने बोट ठेवलं. मग ते बोट पुढे सरकवलं. पुढे टेबलच नव्हतं.

"अन् इथून?" तिने विचारलं.

"इथून काय?"

"इथून जांभळी कशी जायाची?"

बाबा बघतच राहिले. टेबलाची कड, तिच्याखाली फरशी, फरशीवर आईचा झाडू. मीही बघत राहिले. मी एसटीत कंडक्टर, गडचिरोलीहून पुढच्या गावांच्या हाका रोज मारते, पण माझ्यासुद्धा डोक्यात कधी आलं नव्हतं. रेल्वे गडचिरोलीपर्यंतच येणार आहे. उद्या आली, परवा आली, सोन्याची आली, तरी जांभळीला जायला तिथून पुढे बसच धरावी लागणार.

"बसनं," बाबा म्हणाले.

"हाव. बसनं."

"तुले माहीत होतं?"

"पयल्यापासून. माहं माहेर आहे ते, मले नाई माहीत राहीन तं कोनाले?"

"मंग बोलली काऊन नाई?"

आई सरळ उभी राहिली. गुडघे कुरकुरले. "तुमी येतो म्हनत होते. तेवढंच घेऊन जात होती मी तिकडे. येत नाई म्हनले असते, तं कोन्त्या तोंडानं गेली असती?"

ती रडली नाही. रागावलीसुद्धा नाही. झाडू उचलून आत गेली. मला मात्र वाटलं की बाबांना गदागदा हलवावं, आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवरून हातही फिरवावा. ते स्टुलावर बसले होते. हातात बांगडी होती, ती त्यांनी नीट गडचिरोलीच्या खिळ्याला अडकवली. मग मला म्हणाले, "रंजीता, घरात लिंबू आहे का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मी रजा टाकली होती. वडश्यापर्यंत रेल्वे, तिथवर बाबांचा थाट काय विचारता! दारात उभे, प्रत्येक स्टेशनातल्या झेंडीवाल्याला हात, "काय म्हंता, बरं आहे नं?" आईने तोंडाला पदर लावून हसू लपवलं. वडश्याला उतरलो, बसस्टँडवर आलो आणि थाट संपला. बस उभी होती. इंजिन चालू, मागे काळा धूर. बाबांनी एक पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि तसेच थांबले. मागून लोकांनी ढकलायला सुरुवात केली. "चढा नं बाबा! नाईतर बाजूले व्हा!" एरवी असं ओरडणारी मीच असते. त्या दिवशी मी मागे वळून त्या लोकांना असं झापलं की सगळे दोन पावलं सरकले.

पण बाबा चढेनात. कपाळावर घाम आला. "धुरपता," ते म्हणाले, "मले वाटते, तुमी दोघी..."

आईने कमरेची पिशवी उघडली. निघताना तिने खिळ्यावरून काढून आणली असणार, मला पत्ताच नव्हता. हिरवी बांगडी तिने बाबांच्या हातात दिली.

"घ्या गोळा," ती म्हणाली. "आता सोडा गाडी."

बाबांनी बांगडीकडे पाहिलं. नोकरीत एवढी वर्षं गेली, गोळा हातात आल्यावर त्यांनी एकही गाडी थांबवली नव्हती. ते चढले.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. आरमोरी यायच्या आधीच लिंबाचा उपयोग संपला. मी प्लास्टिकच्या पन्न्या आणल्या होत्या, पण एकदा वेळ साधली नाही आणि सदरा खराब झाला. लोकांनी नाकाला रुमाल लावले. समोरच्या बाकावर बुधरीबाई होती, आवळ्याची टोपली घेऊन बाजाराला निघालेली. माझी रोजची पॅसेंजर. तिने मागे वळून दोन आवळे दिले. "दाताखाली ठेव दादा. थुकू नको." आईने बाबांचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. भर बसमध्ये, चारचौघांत. आमच्या आईने हे कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. बाहेर धान कापून झालेली शेतं, जागोजागी रचलेले भाऱ्यांचे पुंजणे, आणि मध्येच रस्त्याला लागून नव्या लाईनीचा मुरुमाचा भराव. मी म्हटलं, "बाबा, बघा, तुमची लाईन." बाबांनी डोळे उघडले, भरावाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. आरमोरीच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा आईची सगळी नजर त्यांच्याकडे होती. ते उतरले नाहीत.

गडचिरोलीला बस बदलली. जांभळीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा बाबांना धड उभं राहता येत नव्हतं. रोशन मोटरसायकल घेऊन आला होता, पण बाबा म्हणाले, चालत जातो. चालत गेले. हातपंपावर बायका होत्या. एका म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. बाबांनी मान खाली घातली नाही. सदऱ्याची छाती ओली, डागाळलेली, तसेच सरळ बघत गावातून गेले.

मामाची खाट अंगणात उन्हाला काढलेली होती. एवढा धिप्पाड माणूस, पण गोधडीखाली काही आहे की नाही असं वाटत होतं. आई धावली. "दादा, मी आली." मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग त्याने अंगणाच्या दाराकडे पाहिलं.

"जयभीम, भाऊ," बाबा म्हणाले.

मामा बराच वेळ बघत राहिला. ओळख पटायला वेळ लागला की विश्वास बसायला, कोण जाणे. मग त्याचं तोंड उघडलं, दात नसलेलं. "जयभीम जवाईबापू. रेल्वे झाली का मंग?"

मामीने माझ्याकडे पाहिलं, रोशनने खाली. बाबा, ज्यांनी टेबलावर साधा एक बोगदा होऊ दिला नाही, ते खाटेच्या कडेला टेकले.

"झाली, भाऊ," ते म्हणाले. "पयल्याच गाडीनं आलो."

मामाची नजर हळूहळू खाली आली. सदऱ्याच्या छातीवर थांबली. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला, मी पुढे झाले. तो हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रोशन," तो म्हणाला, "माहा सदरा दे रे जवाईबापूले."

रोशनने घरातून धुतलेला सदरा आणला. बाबांनी तिथेच अंगणात स्वतःचा काढला आणि तो घातला. खांदे आताही उतरले, बाह्या बोटांपर्यंत आल्या. आईने मान वळवली आणि पदर डोळ्यांना लावला. आत्ता रडली ती, इतक्या दिवसांनी.

"सांगा," मामा म्हणाला. "कशी आली गाडी?"

बाबांनी सांगायला घेतलं. वडश्याला सांधा कुठे आहे, आरमोरी कधी लागते, नव्या सांध्यावर इंजिन कसं अडखळतं. एकही गोष्ट खोटी नव्हती, सगळं टेबलावर होतं. मामा डोळे मिटून ऐकत होता. मध्येच विचारी, "खिडकी भेटली का?" बाबा म्हणत, "भेटली." बोलणं संपलं तेव्हा बाबांनी खिशातून बांगडी काढली आणि मामाच्या हातात ठेवली. गाडी पोचली की गोळा तिथल्या मास्तरला द्यायचा.

मामाने डोळे न उघडता ती चाचपली. "ही तं धुरपताची बांगडी," तो म्हणाला आणि मूठ मिटली.

संध्याकाळची बस ही त्या बाजूची शेवटची. मला सकाळी ड्युटीवर हजर व्हायचं होतं. ऊन कलल्यावर मी माझी पिशवी उचलली. आई उठली नाही, ती राहणार हे ठरलेलंच होतं. पण बाबा? दुसऱ्याच्या घरी त्यांना झोप येत नाही, त्यांची उशी लागते, त्यांचा चहा लागतो. शिवाय परतीच्या बसचं एकदाचं होऊन जावं असं त्यांनाही वाटत असणार. मी म्हटलं, "बाबा, चला. लिंबू आहे माझ्याजवळ."

बाबांनी मामाकडे बोट दाखवलं. मामाला झोप लागली होती. हिरवी बांगडी त्याच्या मुठीत होती आणि मूठ छातीवर.

"गोळा त्याईच्याजवळ आहे," बाबा म्हणाले. "ते देतील तवा निघू."

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. रोशनने मला मोटरसायकलवर तिथे पोचवलं. मी चढले, मागच्या बाकावर बसले. डोळ्यांपुढून अंगण हलत नव्हतं. खाटेवर मामा, पायाशी आई, आणि दोरीवर वाळत घातलेल्या आपल्या सदऱ्याखाली बाबा, दुसऱ्याच्या ढगळ सदऱ्यात, खाटेच्या कडेवर हात ठेवून बसलेले. कंडक्टरने माझ्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, कोनी राह्यलं का?"

"हो, राहिले," मी म्हटलं. "मार डबल बेल."